मासा न धरितां माशाचा ठाव

उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागांत कोलंबिया नांवाची सुमारें १,२४० मैल लांबीची नदी आहे. तिला मिळणाऱ्या डोंगरी ओढ्यांत ‘बुल ट्राउट’ हा मासा प्राचीन काळापासून राहत आला आहे. (शास्त्रज्ञ त्यास खरा ट्राउट न मानतां ‘चार’ या जवळच्या कुळांत घालतात; पण लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव कोण बदलणार?)

या माशास अत्यंत थंड पाणी लागतें. शरदृतूंत मादी खडकाळ वाळूंत खळगा करून अंडीं घालते, आणि पिलें वर यावयास २०० दिवसांहूनही अधिक लागूं शकतात. तेवढ्यांत रस्त्याची माती वाहून गोट्यांमधील फटी बुजल्या, कीं ती पिढी गेलीच. शिवाय धरणांनीं वाटा अडविल्या, व माणसानें हौसेनें पूर्वेकडील ब्रूक ट्राउट आणून सोडल्यानें संकर होऊं लागला. (आपल्याकडे काश्मीर व निलगिरी येथेंही ट्राउट असाच बाहेरून आलेला आहे.) १९९९ सालापर्यंत संयुक्त संस्थानांच्या या भागांतील सर्व बुल ट्राउटांस कायद्याचें संरक्षण मिळालें.

पण रक्षण करावयाचें तें कोठें? पाण्यांत वीज सोडून मासे क्षणभर बधिर करून मोजावे, किंवा रात्रीं दिवा घेऊन पाण्याखालीं पाहावें, ही जुनी रीत. लहान मासे गोट्यांखालीं दडून बसतात व संख्येनें थोडे. त्यामुळें ‘दिसला नाहीं’ आणि ‘येथें नाहींच’ यांतील अंतर कळेना.

आतां निराळी युक्ति निघाली आहे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत द्रव व विष्ठा यांबरोबर सूक्ष्म पेशी पाण्यांत मिसळतात, आणि त्यांतील डी. एन्. ए. या द्रव्यांत त्या जातीची खूण असते. पाहणी करणारा पंपानें ५ लिटर पाणी बारीक गाळणींतून ओढतो व ती गाळणी प्रयोगशाळेकडे धाडतो. मोंटाना संस्थानांतील मिझूला येथें वनखात्याची अशी प्रयोगशाळा आहे. तेथें त्या अंशाच्या असंख्य प्रती करून तो कोणत्या जातीचा हें ठरवितात. सारें खोरें तपासणें अशक्य. म्हणून उष्णमापकांच्या नोंदींवरून नकाशा करून, आगस्टांत सरासरी ११ अंश सेंटिग्रेड किंवा त्याहून थंड राहणारे ओढे निवडतात, व त्यांत साधारण दर किलोमीटरास पाणी घेतात.

मासे किती व केवढे, हें मात्र ही परीक्षा सांगत नाहीं. खूण प्रवाहाबरोबर खालींही वाहत येते. आणि एखादा ओढा चुकून रिकामा ठरला, तर तेथील झाडतोडीस हरकत घेण्याचें मोठें कारणच नाहींसें होतें. उलट काल दुसऱ्या ओढ्यांत भिजलेले बूट न धुतां आज येथें उतरल्यास, नसलेल्या माशाचीही साक्ष मिळावयाची. म्हणून प्रत्येक ठिकाणीं नवी गाळणी व नवे हातमोजे घेतात.