शेळीच्या अंगातले चोवीस लाख कोटी

भूमच्या आसपास बालाघाटच्या उतारांवर बाभळीचा पाला ओरबाडत फिरणारी उस्मानाबादी शेळी साधारण तीस किलोची भरते. तिच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. त्यात तांबड्या पेशी किती, हा हिशोब वही-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येतो. शेळीच्या एका घन मिलिमीटर रक्तात ८० लाख ते १ कोटी ८० लाख तांबड्या पेशी असतात. मधला १ कोटी २० लाखांचा आकडा धरू. दोन लिटर म्हणजे २० लाख घन मिलिमीटर. गुणाकार येतो २४ लाख कोटी.

आता तिच्यामागे काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचा हिशोब मांडा. त्याच्या अंगात पाच लिटर रक्त आणि दर घन मिलिमीटरला सुमारे ५० लाख तांबड्या पेशी. उत्तर येतं २५ लाख कोटी. वजन शेळीच्या दुपटीहून जास्त, रक्त अडीचपट, पण पेशी जवळपास तेवढ्याच! कारण माणसाची तांबडी पेशी साडेसात मायक्रोमीटर रुंद असते आणि शेळीची साडेतीनच्या आसपास. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आपल्या गोठ्यातल्या जनावरांमध्ये सर्वांत लहान तांबडी पेशी शेळीचीच.

एकाच शेळीच्या या पेशी एकीला एक लावून ओळीत मांडल्या तर ओळ ८४ हजार किलोमीटर लांब होईल, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालूनही उरेल. एक पेशी सुमारे सव्वाशे दिवस टिकते. त्यामुळे रक्त जागेवर राहायचं तर शेळीच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला २२ लाख नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. शेळी झोपलेली असो की चरत असो, त्यात खंड नाही.

पेशींनी एवढ्या प्रचंड संख्येने आणि एवढं बारीक का व्हायचं? माझ्या मते पेशीच्या धड्यात सर्वांत आधी हा प्रश्न यायला हवा. पेशीला लागणारा प्राणवायू, साखर, क्षार हे सगळं तिच्या पटलातूनच आत येतं आणि टाकाऊ तेही तिथूनच बाहेर जातं. पेशी मोठी झाली की आतली भूक घनफळाच्या मापाने वाढते, पण दार वाढतं पृष्ठभागाच्या मापाने. एक सेंटिमीटर बाजूचा खव्याचा चौकोनी तुकडा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच तुकडा १० मायक्रोमीटरच्या, म्हणजे साध्या प्राणीपेशीएवढ्या कणांत कापला तर कण होतील १०० कोटी आणि एकूण पृष्ठभाग होईल ६००० चौरस सेंटिमीटर. वजन तेच, पृष्ठभाग हजारपट. जिवंत शरीराने नेमकं हेच केलं आहे.

खव्याचं उदाहरण उगाच घेतलं नाही. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या गावोगाव आहेत आणि कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एक किलो खव्याला साधारण पाच लिटर म्हशीचं दूध लागतं. ते दूध जिथे तयार होतं त्या कासेच्या पेशीजवळ जरा थांबू, कारण तिथे जे घडतं ते फार थोड्यांना ठाऊक असतं.

कासेत सूक्ष्म पोकळ्या असतात. प्रत्येक पोकळीच्या आतल्या बाजूने दूध स्रवणाऱ्या पेशींचा एकेरी थर असतो. एक लिटर दूध तयार व्हायला ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं. या पेशी रक्तातून कच्चा माल उचलतात. त्यांच्या गॉल्जी पिंडात दुग्धशर्करा तयार होते, ती पाणी ओढून घेते आणि दूध पातळ होतं. स्निग्धांशाची गोष्ट मात्र निराळी. पेशीच्या आत स्निग्धाचा थेंब जमतो, सरकत वरच्या टोकाला येतो आणि पेशीचं पटल आतून बाहेर ढकलतो. शेवटी पटलाचा तेवढा भाग थेंबाभोवती लपेटला जाऊन पेशीपासून तुटतो. दुधातला स्निग्धाचा प्रत्येक कण असा पेशीने स्वतःचं पटल फाडून गुंडाळून दिलेला असतो.

आता याचं क्षेत्रफळ काढू. म्हशीच्या दुधात सात टक्के स्निग्धांश आणि कणाचा सरासरी व्यास पाच मायक्रोमीटर धरला, तर एका मिलिलिटरमध्ये १०० कोटींवर कण येतात. एका लिटरमधल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग ८० चौरस मीटरच्या पुढे जातो. पाच लिटरचा होतो ४२० चौरस मीटरच्या घरात. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक किलो खव्यासाठी म्हशीच्या पेशींनी आपलं चार गुंठे पटल उतरवून दिलेलं असतं आणि तेवढंच पुन्हा विणलेलं असतं. कढईत दूध आटताना, सतत ढवळलं जाताना यातली पुष्कळशी आवरणं फुटतात. भट्टीवर ‘खव्याला तूप सुटलं’ म्हणतात, ते त्या फुटलेल्या आवरणांतून मोकळं झालेलं तूप असतं.

पटल ही नुसती पिशवी नव्हे. पेशीतल्या तंतुकणिकेचं (मायटोकॉन्ड्रियाचं) आतलं पटल पाच-सहा नॅनोमीटर जाड असतं आणि त्याच्या दोन बाजूंत सुमारे ०.१५ व्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो. पण इतक्या कमी जाडीवर पसरलेला तो फरक मीटरच्या हिशोबात बसवला तर प्रति मीटर अडीच ते तीन कोटी व्होल्ट होतो. कोरड्या हवेत ठिणगी पडायला प्रति मीटर सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. शेळीच्या, म्हशीच्या, तुमच्या-माझ्या बहुतेक पेशींत अशा शेकडो तंतुकणिका याच ताणावर चालतात आणि त्यातूनच पेशीला ऊर्जा मिळते. तांबड्या रक्तपेशीत मात्र त्या नसतात. तिने केंद्रकही सोडून दिलेलं असतं आणि सगळी जागा प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला दिलेली असते.

वनस्पतीने पृष्ठभागाचं हे कोडं निराळ्या रीतीने सोडवलं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यातली पेशी सुमारे ०.३ मिलिमीटर लांब असते, प्राणीपेशीच्या कितीतरी पट मोठी. तरी ती उपाशी मरत नाही, कारण तिची बहुतेक जागा पाण्याने भरलेल्या रिक्तिकेने व्यापलेली असते. जिवंत द्रव्य कडेकडेने पातळ थरात पसरलेलं राहतं आणि दारापासून फार दूर कधी जातच नाही. ही रिक्तिका आतून दाबते, बाहेरची सेल्युलोजची भिंत तो दाब पेलते. दाब किती? ताठ पानाच्या पेशीत पाच-सात वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. भर दुपारी मालदांडी ज्वारीची पानं मान टाकतात तेव्हा हाच दाब उतरलेला असतो. भिंत नसलेली प्राणीपेशी हा दाब क्षणभरही सोसू शकणार नाही.

हिरव्या पेशींत हरितलवकांची गर्दी वेगळीच. बांधावरच्या एरंडाच्या पानात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४ लाख हरितलवकं मोजली गेली आहेत. पाचशे चौरस सेंटिमीटरचं एक पान धरलं तर २,००० कोटी.

शेळी पाला खाते खरी, पण सेल्युलोजची भिंत फोडणारं पाचकद्रव्य तिच्या स्वतःच्या पेशींकडे नाही. ते काम कोठीपोटातले जीवाणू करतात. तिथल्या दर मिलिलिटर द्रवात किमान १,००० कोटी जीवाणू असतात. दहा लिटरचं कोठीपोट धरलं तर एकूण १०० लाख कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्यं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त संख्यांची जी नावं दिली आहेत, त्यांत या संख्येला जलधी म्हटलं आहे. शेळीच्या तांबड्या पेशींच्या चौपट जीव तिच्या पोटात तिच्यासाठी राबतात.

केंद्रकातला हिशोब तर अंदाज साफ चुकवतो. शेळीच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो, माणसाचाही तेवढाच. ज्वारीचा अर्धा मीटर. कांद्याचा? अकरा मीटर! कांद्यात जनुकं पाचपट आहेत असं नाही. त्याच्या डीएनएचा फार मोठा भाग पुन्हा पुन्हा उतरलेल्या त्याच त्या मजकुराने भरलेला आहे. पापुद्र्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये साडेसहा हजारांच्या आसपास पेशी बसतात, म्हणजे तेवढ्याशा तुकड्यात ७० किलोमीटर धागा.

पाठ्यपुस्तकात वनस्पतिपेशी चौकोनी आणि प्राणीपेशी गोल काढलेली असते, दोन्ही सारख्याच आकाराच्या. मुलं बाण काढून नावं पाठ करतात, पण मापाचा अंदाज त्यांना येत नाही. म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. कांद्याचा पापुद्रा, आयोडिनचा एक थेंब आणि शाळेच्या कपाटातला साधा सूक्ष्मदर्शक एवढंच घ्या. मुलांना पेशीची आकृती काढायला सांगण्याआधी डोळ्यांसमोरच्या वर्तुळात पेशी किती दिसतात ते मोजू द्या आणि पुढचा गुणाकार त्यांचा त्यांना करू द्या.