जावर : शिसे वर तरंगते ते गाव

उदयपूरहून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत, टिडी नदीच्या काठी जावर आहे. इथल्या मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई या खाणींतून शिसे आणि जस्त निघते. दोन्ही धातू डोलोमाइटच्या खडकात एकमेकांत गुंतून बसलेले असतात. त्यांची फारकत करणे हाच या गावाचा शेकडो वर्षांचा उद्योग.

जुन्या कारागिरांनी ती आगीने केली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशांत भाजलेले खनिज भरायचे आणि तोंड खाली करून अशा छत्तीस मुशा एका भट्टीत लावायच्या. जस्त ९०७ अंशांना उकळते. त्याची वाफ खालच्या थंड भांड्यात उतरून धातू होई. शिसे त्या उष्णतेला उडत नाही. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टॉलला जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. जावरला हे काम त्याच्या कित्येक शतके आधीपासून मोठ्या प्रमाणावर चालू होते. वापरून झालेल्या मुशा रचून बांधलेल्या भिंती गावात आजही दिसतात.

आता खाण हिंदुस्थान झिंककडे आहे. खनिजाच्या पट्ट्यात मजल्यामजल्यावर बोगदे काढतात, दोन मजल्यांमध्ये लांब भोके पाडून सुरुंग लावतात आणि खाली कोसळलेला दगड यंत्रांनी भरून नेतात. पूर्वीचे खाणकामगार खडक आगीने तापवून तडकवत. त्यांची दोनेक हजार वर्षांपूर्वीची लाकडे जुन्या पोकळ्यांत सापडली आहेत. तेवढ्या काळोखात, धुरात ज्यांनी हे काम केले त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत, याची खंत वाटते.

वर आणलेला दगड आधी फोडतात, मग बॉल मिलमध्ये पाण्यासकट पिठासारखा दळतात. खरे कसब पुढे आहे. या राडीत झॅन्थेट नावाचे रसायन घालून खालून हवा सोडली की गॅलेनाचे, म्हणजे शिशाच्या गंधकयुक्त खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. गॅलेना पाण्याच्या साडेसात पट जड, तरीही तेच तरंगते! जस्ताचे खनिज झिंक सल्फेटसारख्या रसायनांनी तेवढा वेळ दाबून ठेवलेले असते. शिसे निघाले की मोरचूद घालून त्यालाही जागे करतात आणि वेगळ्या टाक्यांत वर काढतात. फेस निथळवून, गाळून शिशाची दाट भुकटी उरते. ती वितळवणाऱ्या कारखान्याकडे जाते. गॅलेनाबरोबर आलेली चांदी तिथे सुटी होते.

उरलेला बारीक गाळ बांध घालून साठवावा लागतो. शिशाचा अंश अंगात साचतो, मुलांना तर फार बाधतो; म्हणून धूळ आणि पाणी यांवरची नजर हा उत्पादनाइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि जावरबद्दल लिहिताना तो वगळू नये.

भूगर्भातली खाण सहज पाहता येत नाही. पण भट्ट्यांचे अवशेष, मुशांचे ढिगारे आणि पडकी देवळे जमिनीवरच आहेत. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आणि ब्रिटिश म्युझियमच्या संशोधकांनी हिंदुस्थान झिंकसोबत इथे उत्खनन केले, तेव्हा मुशांसकट आख्ख्या भट्ट्या हाती लागल्या. उदयपूरला सरोवरे पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकाने एक दिवस जावरसाठी जरूर ठेवावा.