औंधात आलेला पोलंडचा माणूस

सांगोल्याहून आटपाडीकडं ज्यांचं जाणं-येणं आहे, खरसुंडीच्या सिद्धनाथाला ज्या यात्रेला जातात, त्यांनी स्वतंत्रपूरचं नाव ऐकलं असेल. आटपाडीजवळची ती कैद्यांची वसाहत. नुसतं ऐकलं तर पटत नाही, पण तिथं शिक्षा झालेला माणूस बायकापोरांसह राहतो आणि शेती करतो. आपल्या मनातल्या तुरुंगाची उंच भिंत तिथं नाही.

ही कल्पना ज्यांनी इथं रुजवली, त्यांत एक माणूस थेट पोलंडचा होता. त्याचं नाव मॉरिस फ्रिडमन. जन्म वॉर्सा शहरातल्या गरीब ज्यू घरातला. शिकून ते विजेचे इंजिनियर झाले, काही काळ फ्रान्समध्ये नोकरी केली. मग म्हैसूर संस्थानच्या दिवाणांनी त्यांना बंगळूरच्या सरकारी वीज-सामानाच्या कारखान्यावर बोलावलं. माणूस आला तो कारखाना चालवायला, पण चित्त लागलं दुसरीकडंच. गांधीजींकडं जाऊ लागले, खादी घातली, संन्यास घेतला. भारतानंद हे नाव पडलं. यंत्रातलं डोकं मात्र संन्याशाच्या वेषातही चालूच राहिलं. सूत कातायची ‘धनुष तकली’ ही त्यांचीच देणगी. गरिबाला परवडेल असं हे साधन, चरख्यापेक्षा सोपं आणि स्वस्त.

आता औंध. सातारा जिल्ह्यातलं यमाईचं औंध आपल्याला ठाऊक आहे. त्या गावचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, कीर्तन करणारे, चित्रं काढणारे. संस्थान लहानसं, ७२ गावांचं, आणि तेही एका जागी नाही. थोडं औंधाजवळ, थोडं कुंडलकडं, थोडं विजापुराकडं, आणि आटपाडी हा त्याचा दुष्काळी भाग. ‘बनगरवाडी’ कादंबरीतला मास्तर ज्या मुलखात शाळा चालवायला जातो, तो हाच माणदेश.

राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेतून शिकून आले होते. त्यांची आणि फ्रिडमनची ओळख झाली आणि ते त्यांना औंधाला घेऊन आले. राज्य लोकांच्या हातात द्यायचं, असा विचार तिथं पिकत होता. १९३८ साली राजांनी तसं जाहीर केलं. मग अप्पासाहेब आणि फ्रिडमन सेवाग्रामला गांधीजींकडं गेले. तिथं बसून कारभाराची घडी ठरली, आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधची नवी राज्यघटना लागू झाली. आपला देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट.

त्या घटनेत काय होतं, ते नीट समजून घेऊ या, कारण ते आपल्या रोजच्या कामाचं आहे. उतरंड रचताना मोठं मडकं खाली ठेवतात, तशीच कारभाराची सुरुवात तळातून. गावानं पाच पंच निवडायचे. शाळा, पाणी, रस्ता, गावातले तंटे, हे सगळं त्यांच्याकडं. गावोगावच्या पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती, आणि त्या समित्यांमधून वरच्या सभेत माणसं जायची. राजानं मालक म्हणून नाही, विश्वस्त म्हणून राहायचं. आणि खरी गोम पैशात होती. गावातून गोळा झालेल्या महसुलातला मोठा वाटा गावाच्या कामासाठी गावाकडंच राहायचा. हक्क कागदावर आणि तिजोरीची किल्ली तालुक्याला, असं असलं की काय होतं ते आपण जाणतोच.

एक सांगते. माझ्या माहेरच्या गावात कित्येक वर्षं ग्रामसभेचं रजिस्टर घरी यायचं. चुलीपुढं बसलेल्या माझ्या आईच्या पुढ्यात ते धरायचे, “सही करा, वहिनी.” आई सही करायची. सभा कधी झाली, ठराव कसला, तिला काहीच ठाऊक नसायचं. आता कायद्यात ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी रजिस्टर अजूनही काही उंबऱ्यांवर येतंच. औंधची गोष्ट ऐकली की मला ते रजिस्टर आठवतं.

फ्रिडमन औंधात सिंहासनाशेजारी बसलेले साहेब नव्हते. गावं, पंचायती, सूतकताई, आणि मग स्वतंत्रपूर, हे त्यांचं काम. गावाला आपला कारभार जमेल असा विश्वास टाकायचा, तर मग चुकलेल्या माणसावर का नाही, असा तो सरळ हिशोब. गुन्हेगाराला शेत द्या, घर द्या, बायकोपोरं जवळ राहू द्या. सजा एकट्या त्याला होत नसते, मैत्रिणींनो. मागं राहिलेली बाईही ती भोगते, आणि बहुतेक वेळा तिला कुणी विचारतही नाही. स्वतंत्रपुरात निदान चूल एक राहिली. पुढं याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ चित्रपट काढला. त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे या मुलखाच्याच माणसानं.

८ मार्च १९४८ ला औंध संस्थान विलीन झालं आणि नऊ वर्षांचा हा कारभार संपला. गावं कलेक्टर कचेरीच्या हाताखाली गेली. पंचायतींना देशाच्या घटनेत पक्की जागा मिळायला १९९३ उजाडलं. स्वतंत्रपूर मात्र टिकलं, आज ते राज्याच्या कारागृह खात्याकडं आहे.

फ्रिडमन परत पोलंडला राहायला गेले नाहीत. तिबेटी निर्वासितांसाठी त्यांनी काम केलं. म्हातारपणी ते मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांकडं जाऊन बसत. हे महाराज एकेकाळचे विडीचे दुकानदार. त्यांचं मराठी बोलणं फ्रिडमननी इंग्रजीत उतरवलं, आणि १९७३ साली त्याचं पुस्तक निघालं, ते जगभर वाचलं गेलं. १९७७ साली मुंबईतच त्यांचं निधन झालं.