सायकलची सीट किती उंच ठेवायची? एका गुडघ्यावर केलेलं छोटं संशोधन

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी एक सेकंडहँड रेसिंग सायकल घेतली. वाकडं हँडल, बारीक टायर, बुटाला अडकणारे पॅडल, सगळं त्यात आलं. दर शनिवारी-रविवारी पहाटे पुण्यातून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा पुढून, वाटीच्या भोवती दुखायला लागला. हॉस्टेलचे जिने उतरताना तर जास्तच.

मग एका रविवारी मी नेटवरचे चार व्हिडिओ बघितले, ॲलन की घेतली आणि एका बैठकीत तीन गोष्टी बदलल्या. सीट जवळजवळ ३ सेंटिमीटर वर घेतली, तीच सीट थोडी मागे सरकवली आणि बुटाखालच्या क्लीटचा कोन बदलला. पुढच्या आठवड्यात गुडघा पुढून दुखायचा थांबला आणि मागून दुखायला लागला!

सोमवारी ही कथा मी लॅबमध्ये हसत हसत सांगितली. आमच्या मॅडमनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "यातलं नक्की कशामुळे झालं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर झिंक ऑक्साईडच्या पातळ थरांच्या बाबतीतही त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तिथेही मी द्रावणाची तीव्रता आणि काचेचं तापमान एकदमच बदललं होतं.

म्हणून आजचा लेख सायकलच्या फिटिंगवर. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताहेत, त्यांना 'रिसर्च मेथडॉलॉजी'च्या पुस्तकातले चल, त्रुटी, नियंत्रण हे शब्द पाठ असतील. तेच शब्द इथे हातात पाना घेऊन भेटतील.

आधी आहे ते लिहून ठेवा

सायकल आणि शरीर तीन ठिकाणी एकमेकांना भेटतात: पाय पॅडलवर, बूड सीटवर, हात हँडलवर. फिटिंग म्हणजे या तीन जागांमधली अंतरं ठरवणं. मुख्य आकडे पाच. पॅडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्या आसाभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. त्याच आसापासून सीटचं टोक किती मागे आहे ते अंतर. सीटचा कल. सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर. आणि हँडल सीटपेक्षा किती खाली आहे ते.

उंचीला साधी मोजपट्टी पुरते. सीट किती मागे आहे ते बघायला दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. तो सीटच्या टोकावरून सोडा आणि दोरा आसाच्या मध्यापासून किती मागे पडतो ते मोजा. सायकल मात्र सपाट फरशीवर सरळ उभी हवी. हे पाच आकडे वहीत तारखेसह लिहा आणि सीटच्या नळीवर चिकटपट्टीची खूण करा. मी यातलं काहीच केलं नव्हतं. त्यामुळे त्या रविवारनंतर मला मूळ जागेवर परत जाताच येत नव्हतं. प्रयोगात याला बेसलाईन म्हणतात. ती नसेल तर 'सुधारणा झाली' हे वाक्य लिहायचा हक्क राहत नाही. नशिबाने नळीवर जुना गंजाचा चट्टा होता, त्यावरून आधीची उंची साधारण ६३.५ सेंमी असावी असा अंदाज बांधता आला.

दोन सूत्रं, दोन उत्तरं

सीटच्या उंचीसाठी सगळ्यात जास्त ऐकू येणारी दोन सूत्रं आहेत. दोन्हींना पायाची आतली लांबी लागते, म्हणजे जमिनीपासून जांघेपर्यंतचं अंतर. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची उंची मोजायची.

पहिलं सूत्र आहे, ही लांबी गुणिले ०.८८३. येते ती आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ते ओळखलं जातं. दुसरं हॅम्ले आणि थॉमस यांच्या १९६७ च्या कामातून आलेलं: लांबी गुणिले १.०९. पण हे अंतर पॅडल सर्वात खाली असताना पॅडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं. म्हणजे तुलना करायची तर त्यातून क्रँकची लांबी वजा करायला हवी.

मी माझी लांबी तीनदा मोजली. ७४.६, ७५.८ आणि ७५.१ सेंमी. सरासरी ७५.२. पहिल्या सूत्राने उत्तर आलं ६६.४ सेंमी. दुसऱ्याने ८२.० आलं, त्यातून माझ्या क्रँकचे १७ सेंमी गेले की उरले ६५.०. दोन प्रसिद्ध सूत्रांमध्ये १४ मिलिमीटरचा फरक!

आता माझ्या मोजमापाकडे बघा. तीन वाचनांमध्ये १२ मिमीचा पसारा आहे. तो ०.८८३ ने गुणला तर उंचीत जवळजवळ ११ मिमी होतो. म्हणजे पुस्तक जरा कमी-जास्त दाबलं तरी उत्तर एका सेंटिमीटरने हलतं. ०.८८३ मधले दशांशानंतरचे तीन अंक बघून ते फार नेमकं वाटतं, पण आत घातलेला आकडाच ढिला असेल तर बाहेर नेमकेपणा कुठून येणार?

आणखी एक गोष्ट. पहिल्या सूत्रात क्रँकची लांबी येतच नाही. १६५ मिमी आणि १७५ मिमी क्रँकसाठी ते एकच उंची सांगतं. पाय मात्र खाली १० मिमी जास्त ताणला जातो. सूत्र वापरण्याआधी त्यात काय काय धरलेलं नाही, हे विचारायची सवय इथून लावून घ्या.

'उत्तम' म्हणजे कशासाठी उत्तम?

हा भाग लिटरेचर रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी. १.०९ चं सूत्र थोडा वेळ, पूर्ण ताकदीने पॅडल मारण्याच्या चाचणीतून आलं. तिथे 'उत्तम' म्हणजे दमेपर्यंत जास्तीत जास्त काम. १९९४ मध्ये होम्स आणि सहकाऱ्यांनी वेगळी शिफारस केली: पॅडल खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. त्यांच्या डोळ्यांसमोर गुडघ्याच्या दुखापती होत्या. २००८ मध्ये पेव्हलर यांनी तिसरीच गोष्ट मोजली, ठरावीक शक्तीने सायकल चालवताना किती ऑक्सिजन लागतो ती. २५ अंशांवर तो ३५ अंशांपेक्षा आणि १.०९ च्या उंचीपेक्षा कमी लागला.

तिघांची उत्तरं जुळत नाहीत, पण तिघांपैकी कुणी चूक आहे असं नाही. तिघांनी प्रश्नच वेगळे विचारले होते. 'अमुक पद्धत सर्वोत्तम' असं वाचलं की आधी बघा, मोजलं काय? माझा प्रश्न दुखण्याचा होता. म्हणून मी सूत्र फक्त सुरुवातीपुरतं घेतलं आणि गुडघ्याचा कोन हा मुख्य आधार धरला.

कोन मोजायला मांडीच्या सांध्यावरच्या बाहेरच्या हाडाला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्याच्या हाडाला गोल स्टिकर लावायचे. सायकल ट्रेनरवर चढवायची. मोबाईल दोन-तीन मीटर लांब, गुडघ्याच्या उंचीवर आणि बरोबर काटकोनात ठेवायचा. तिरका ठेवला तर कोन खोटा येतो. अजून एक खाचखळगा आहे: २५ ते ३५ हा पट्टा पॅडल थांबवून मोजलेल्या कोनाचा आहे. चालत्या पॅडलवर गुडघा काही अंश जास्त वाकलेला दिसतो. एका पद्धतीचं माप दुसऱ्या पद्धतीच्या पट्ट्यात बसवू नका.

ओळंबा गुडघ्यावरून सोडायचा नियम

सीट किती मागे असावी याचा जुना नियम असा: दोन्ही क्रँक आडव्या असताना पुढच्या गुडघ्यावरून सोडलेला ओळंबा पॅडलच्या आसावरून जावा. दुकानातले काकाही हेच करतात. पण सायकली बनवणारे कीथ बॉन्ट्रेगर यांनी यावर फार पूर्वी बोट ठेवलं होतं. काही सायकलींवर माणूस मागे रेलून, पाय पुढे करून पॅडल मारतो. तिथे ओळंबा पॅडलच्या जवळपासही येत नाही, तरी गुडघे ठणठणीत राहतात. म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ती रेषा गुडघा वाचवते असं म्हणता येत नाही. नियम निरुपयोगी नाही, बहुतेकांना तो बऱ्यापैकी जागेवर आणून सोडतो. पण 'चालतं' आणि 'का चालतं ते कळलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझी चूक नेमकी कुठे होती

सीट खूप खाली असली की पॅडल वर येताना गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो, म्हणून पुढून दुखतं. खूप वर असली की पाय खाली ताणला जातो, कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्याच्या मागे ताण येतो. आता माझा रविवार आठवा. उंची वाढवली, हे मला माहीत होतं. पण सीट मागे सरकवल्यानेही उंची वाढते, हे माहीत नव्हतं. सीटची नळी आडव्या रेषेशी साधारण ७३ अंशात असते. त्यामुळे सीट १० मिमी मागे नेली की आसापासूनचं अंतर १० गुणिले कोसाइन ७३, म्हणजे जवळजवळ ३ मिमी वाढतं. मला जी दोन स्वतंत्र चलं वाटत होती ती एकमेकांत गुंतलेली होती. वर क्लीटचा कोन बदललेला, तो तिसरा.

दुसऱ्यांदा मी असं केलं. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत सायकल बंद. मग आधी क्लीट पूर्वीच्या खुणांवर परत. सीट पुढे-मागे मधोमध ठेवून तिथेच सोडली. उंची ६३.५ वरून सुरू, दर वेळी फक्त ५ मिमी वर, आणि दोन आठवडे तोच रस्ता, तोच वेग, तेच बूट. प्रत्येक फेरीनंतर वहीत तीन ओळी: दुखणं शून्य ते दहा, कुठे, किती किलोमीटरनंतर. ६५.५ वर गुडघा दोन्हीकडून शांत झाला. थांबून मोजलेला कोन ३२ अंश निघाला. उंची पक्की झाल्यावरच सीटचं मागे-पुढे बघितलं, आणि मागे नेली तेवढ्या हिशेबाने नळी खाली घेतली.

हँडल सर्वात शेवटी. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीच्या आसपास बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणून रेसवाले हँडल खाली ठेवतात. पण खाली वाकलं की मांडी आणि पोट यांच्यामधला कोन मिटतो, मान आणि तळहातांवर भार येतो. करंगळी बधिर व्हायला लागली तर बहुधा हँडल फार खाली किंवा लांब आहे, नाहीतर सीटचं टोक खाली झुकलंय. मी दोन स्पेसर स्टेमच्या खाली घालून हँडल वर घेतलं. वेग थोडा गेला असेल, पण दोन तास बसता येतं.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. सीटच्या नळीवर 'एवढी तरी आत हवी' अशी रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. आणि स्टेम-हँडलचे बोल्ट त्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याइतकेच, टॉर्क रेंचने आवळा. कार्बनचा भाग जास्त आवळला तर आवाज न करता तडकतो.

मग सीटमुळेच बरं झालं का?

प्रामाणिक उत्तर: बहुतेक, पण खात्रीने नाही. मध्ये मी विश्रांती घेतली होती. दुखणं कधी कधी आपोआपही उतरतं, आणि आपण पाना हातात घेतो तो नेमका ते सर्वात जास्त असताना. त्यानंतर काहीही केलं तरी गुण आल्यासारखं वाटतं. एकदा सीट परत १० मिमी खाली नेऊन बघितली. तिसऱ्या फेरीला पुढचं दुखणं हलकंसं परत आलं, वर घेतल्यावर गेलं. पुरावा थोडा बळकट झाला, पण गुडघा एकच आणि उंची मला माहीत होती, त्यामुळे माझं मन मधे आलं नसेलच असं नाही. सूज असेल किंवा दुखणं आठवड्याभरात हटत नसेल तर हे प्रयोग करू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

त्या वहीच्या मागच्या पानांपासून मी आता थरांची नोंद ठेवते. तापमान एका रांगेत, तीव्रता दुसऱ्या, आणि एका दिवशी एकच बदल. आधीच्या चार महिन्यांचे नमुने डब्यात पडून आहेत. सुंदर दिसतात, पण त्यांच्याबद्दल एकही वाक्य ठामपणे लिहिता येत नाही. तुमची सुरुवात व्हायचीय, तर पहिल्या दिवशी वही घ्या आणि काहीही बदलायच्या आधी आहे ते लिहून ठेवा.