लोकांविना मिस्सा: टाळेबंदीत धर्मग्राम कसा चालला

मार्च २०२० मध्ये कोविडच्या महासाथीमुळे देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा कॅथलिक धर्मग्रामांत ईस्टरआधीचा उपवासकाळ निम्म्याहून अधिक सरला होता. उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होऊन गेला होता आणि ईस्टर १२ एप्रिलला होता. वर्षातले सर्वांत गर्दीचे दिवस तोंडावर आले असताना चर्चची दारे लोकांसाठी बंद झाली. महाराष्ट्रात ती उघडायला १६ नोव्हेंबर उजाडला. पुढच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली.

या काळात धर्मग्रामाचे काय झाले, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळणे कठीण होते. ‘चर्च बंद आहे’ एवढेच दिसत होते. प्रत्यक्षात काही गोष्टी एक दिवसही थांबल्या नाहीत, काहींनी रूप बदलले आणि काही खरोखरच अडल्या. कोणती गोष्ट कोणत्या गटात पडली, यामागे एक साधा नियम आहे. प्रार्थनेला अंतर आडवे येत नाही, पण संस्काराला माणूस समोर असावा लागतो. हा नियम धरून एकेक गोष्ट पाहू.

आधी धर्मग्राम म्हणजे काय

ठरावीक हद्दीतल्या कॅथलिक कुटुंबांचा समाज म्हणजे धर्मग्राम. त्याची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंवर असते. असे अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि तो बिशपांच्या अधिकारात असतो. मुंबईच्या महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वेगळा झालेला वसई धर्मप्रांत मराठी वाचकाला सर्वांत जवळचा, कारण तिथली उपासना मुख्यतः मराठीत होते. पापडी, नंदाखाल, निर्मळ, आगाशी, गिरीज या गावांचा आठवडा चर्चच्या घंटेभोवती फिरतो. इमारत बंद झाली तरी ही कुटुंबे, त्यांची नोंदवही आणि त्यांच्यासाठी नेमलेला धर्मगुरू जागच्या जागीच होते.

मिस्सा थांबली नाही

चर्चच्या कायद्यानुसार धर्मगुरूने शक्यतो श्रद्धावंतांच्या सहभागाशिवाय मिस्सा करू नये, पण योग्य आणि वाजवी कारण असेल तर तो करू शकतो. महासाथ हे असेच कारण होते. त्यामुळे रिकाम्या चर्चमध्ये, एखाददुसऱ्या मदतनिसासह, रोजची मिस्सा चालू राहिली. शिवाय प्रमुख धर्मगुरूवर आणखी एक बंधन असते. दर रविवारी आणि बंधनकारक सणांना त्याने एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या लोकांसाठी अर्पण करायचीच असते. टाळेबंदीने हे बंधन सुटले नाही. लोक घरात होते आणि वेदीवर त्यांच्यासाठी अर्पण चालू होते.

एकट्याने केलेल्या मिस्साला अर्थ काय, असा प्रश्न येतो. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सा ही ख्रिस्ताच्या बलिदानाची उपासना आहे आणि ती जिवंत व मृत अशा सर्वांसाठी अर्पण होते. समोरच्या बाकांवर किती जण बसले आहेत, यावर तिचे मोल ठरत नाही. २०२० च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा घरी राहिलेल्या लाखोंची वारी त्या पादुकांबरोबर गेली. रिकाम्या चर्चमधल्या मिस्साचे घरी राहिलेल्या लोकांशी असलेले नाते महाराष्ट्र सहज ओळखेल.

रविवारचे बंधन

रविवारी मिस्साला हजर राहणे कॅथलिकांना बंधनकारक आहे. मात्र गंभीर कारणाने ते अशक्य झाले तर बंधन उरत नाही, हेही कायद्यातच आहे. बिशप आपल्या धर्मप्रांतातल्या लोकांना या बंधनातून रीतसर सूटही देऊ शकतात. महासाथीत जगभरच्या बिशपांनी ती दिली. अनेक वयोवृद्धांच्या मनाला मिस्सा चुकल्याची टोचणी लागली होती. त्यांना समजावणे हे धर्मगुरूंचे त्या दिवसांतले मोठे काम होते. मिस्सा अशक्य असेल तेव्हा कुटुंबाने एकत्र बसून प्रार्थनेत वेळ द्यावा, अशी कायद्याचीच शिफारस आहे.

पडद्यावरून काय पोहोचते

अनेक धर्मग्रामांनी मोबाइल उभा करून यूट्यूबवरून मिस्साचे थेट प्रक्षेपण सुरू केले. पोप फ्रान्सिस यांची व्हॅटिकनमधल्या सांता मार्ता निवासातली सकाळची मिस्सा ९ मार्चपासून १७ मेपर्यंत रोज जगभर दिसत होती. घरोघरी टीव्हीसमोर मेणबत्ती लागली, प्रतिसाद म्हटले गेले, प्रवचन ऐकले गेले. शास्त्रवाचन, प्रवचन, स्तोत्र, प्रार्थना हे सारे पडद्यावरून खरोखर पोहोचते.

जे पोहोचत नाही ते म्हणजे ख्रिस्तशरीर, मिस्सात अर्पण केलेली भाकर. ते प्रत्यक्ष ग्रहण करायचे असते. त्यासाठी चर्चच्या परंपरेत एक जुनी वाट आहे. तिला आध्यात्मिक कम्युनियन म्हणतात. ख्रिस्तशरीर स्वीकारता येत नसेल तेव्हा मनापासून त्याची ओढ धरायची आणि ख्रिस्ताने अंतःकरणात यावे अशी प्रार्थना करायची. अठराव्या शतकातले संत आल्फोन्सस लिगोरी यांनी यासाठी लिहिलेली प्रार्थना आजही प्रचारात आहे. एरवी ती मुख्यतः आजारी माणसे आणि प्रवासी म्हणत. २०२० मध्ये संपूर्ण धर्मग्राम ती रोज म्हणू लागला.

ही प्रार्थना खरी आहे, पण ती संस्काराची जागा घेत नाही. भुकेल्याला भुकेची जाणीव ठेवायला शिकवणे हे तिचे काम. हा फरक नीट सांगितला नाही, तर घरात बसून मिस्सा ‘बघणे’ पुरेसे वाटू लागते.

पापनिवेदन आणि आजारी माणूस

सर्वांत अवघड कोडे इथे होते. पापनिवेदन फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होत नाही. पश्चात्ताप करणारा आणि क्षमा उच्चारणारा धर्मगुरू एकमेकांच्या समोर असावे लागतात. शक्य तिथे मोकळ्या जागेत, अंतर राखून, मुखपट्टी लावून आणि बोललेले गुप्त राहील अशी काळजी घेऊन हा संस्कार देता येत होता. ज्यांना तेही शक्य नव्हते त्यांना चर्चने आपलीच जुनी शिकवण आठवून दिली. देवावरच्या प्रेमातून आलेला पूर्ण पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा पक्का निश्चय असेल, तर गंभीर पापांचीही क्षमा मिळते.

व्हॅटिकनच्या संबंधित न्यायासनाने २० मार्च २०२० रोजी याबद्दल सूचनापत्र काढले. रुग्णालयात मृत्यूच्या दारात असलेल्यांना वॉर्डच्या प्रवेशापाशी उभे राहून, ध्वनिवर्धकाच्या मदतीने, सामुदायिक पापक्षमा देण्याची वाट त्यात स्पष्ट केली. त्याच वेळी आजारी, विलगीकरणातले, त्यांची सेवा करणारे डॉक्टर, परिचारिका आणि घरचे लोक यांना विशेष पूर्ण दंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सूट, जाहीर झाली. अखेरच्या घडीला धर्मगुरू पोहोचू शकला नाही तरी चर्च त्या माणसाला एकटे सोडत नाही, हे सांगण्याची ही तिची रीत होती.

२७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या रिकाम्या सेंट पीटर चौकात उभे राहिले आणि त्यांनी जगाला आशीर्वाद दिला. तिथे ठेवलेला सान मार्चेल्लो चर्चचा क्रूस १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेला होता.

साथीच्या काळात उपासना लोकांच्या दारापर्यंत नेण्याची परंपरा जुनीच आहे. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोर्रोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या होत्या. लोकांनी खिडकीतूनच मिस्सात भाग घ्यावा, हा त्यामागचा हेतू. मुंबईत १८९६ ला सुरू झालेल्या प्लेगच्या वर्षांत गावठाणांच्या नाक्यांवर क्रूस उभे राहिले. त्यांतले कितीतरी आजही आहेत. मुंबईचा ईस्ट इंडियन, म्हणजे मूळ स्थानिक कॅथलिक, समाज जिथे जपमाळ म्हणायला जमतो, अशा कित्येक क्रुसांमागे साथीचीच आठवण आहे.

लोकांविना पवित्र सप्ताह

ईस्टर पुढे ढकलता येत नाही, कारण साऱ्या उपासनावर्षाचे ते केंद्र आहे. म्हणून रोमने मार्चमध्येच दोन सूचनापत्रे काढून विधी कसे आटोपशीर करायचे ते ठरवून दिले. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक नको, विधी चर्चच्या आतच. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी गाळायचा. एरवी ख्रिस्तशरीर मिरवत वेगळ्या वेदीवर नेतात. त्या वर्षी ते नेहमीच्याच मंजूषेत राहिले. शुभ शुक्रवारी क्रुसाचे चुंबन फक्त विधी करणाऱ्या धर्मगुरूने घ्यायचे, आणि आजारी, मृत व भयभीत लोकांसाठी एक खास प्रार्थना जोडायची. ईस्टरच्या जागरणात नवा अग्नी पेटवण्याचा विधी नाही, मिरवणूक नाही. मेणबत्ती पेटवून थेट पुनरुत्थानाचे स्तवन गायचे आणि स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वचनांची उजळणी करायची. ३० मार्चला ‘महासाथीच्या काळातील मिस्सा’ अशी नवी प्रार्थनामालाही मिळाली.

वसईत या सप्ताहात सारे गाव चर्चच्या आवारात असते. त्या वर्षी लोकांनी क्रुसाची वाट घरातल्या घरात, वाचन करत, भिंतीवरच्या क्रुसासमोर उभे राहून केली.

जन्म, लग्न आणि निरोप

स्नानसंस्कार बहुतेक कुटुंबांनी पुढे ढकलला. मात्र बाळ मृत्यूच्या धोक्यात असेल तर कोणीही व्यक्ती, अगदी परिचारिकासुद्धा, योग्य हेतूने पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्र्येकाच्या नावाने तो देऊ शकते. हा नियम प्रत्येक घरात माहीत असायला हवा. लग्नाला चर्चच्या कायद्याने लागते ते थोडेच: वधू-वर, अधिकार असलेला धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. त्यामुळे मोजक्या माणसांतही विवाह पूर्ण वैध होता.

सर्वांत खोल जखम अंत्यविधींची झाली. अंत्ययात्रेला वीसच माणसांची परवानगी होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शनानुसार मृतदेहाला स्पर्श, स्नान, चुंबन यांना मनाई होती. पण शास्त्रवाचन आणि पवित्र पाणी शिंपडणे, म्हणजे देहाला हात न लावता होणारे विधी, करता येत होते. ख्रिस्ती दफनविधीचा गाभा एवढ्यात बसतो. गळ्यात पडून रडणे, रात्रभर देहाजवळ बसून जपमाळ म्हणणे, गाव गोळा होणे मात्र त्यात बसत नव्हते.

मुंबई महापालिकेने ३० मार्चला सर्वच कोविड मृतांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि लगेच बदलून दफनालाही वाट ठेवली. कॅथलिक चर्चने दहनाची मुभा १९६३ पासूनच दिली आहे. अस्थी विखुरू नयेत, सहसा घरीही ठेवू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, एवढी अट २०१६ च्या सूचनापत्रात आहे. त्यामुळे श्रद्धेची अडचण नव्हती, अडचण सवयीची होती. केरळच्या आलप्पुळा धर्मप्रांताने जुलै २०२० मध्ये आपल्या दफनभूमीतच दहन करून अस्थी तिथे पुरल्या आणि अनेकांना धीर दिला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी मिळणारी दंडमाफी त्या वर्षी रोमने महिनाभर मिळवता येईल अशी केली, म्हणजे एकाच दिवशी गर्दी होऊ नये.

घर, समूह आणि तिजोरी

कुटुंबाला घरातले चर्च मानण्याची शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये नव्याने मांडली होती. टाळेबंदीत ती आचरणात आली. मे महिन्यात घरोघरी जपमाळ म्हणावी, असे पोप फ्रान्सिस यांनी २५ एप्रिलच्या पत्रात सुचवले. वसई-मुंबईच्या घरांत संध्याकाळच्या जपमाळेची सवय होतीच. ज्या घरांत ती सुटली होती तिथे ती परतली.

वाडीवाडीतले लघु ख्रिस्ती समूह या काळात धर्मग्रामाचे हातपाय झाले. कोणत्या घरात एकटे वृद्ध आहेत, कोणाची रोजी थांबली, कोणाला औषध हवे, ही माहिती त्यांच्याकडे होती. त्यांच्या यादीवरून धान्य पोहोचले, फोन गेले. दुसरीकडे रविवारचे दान आणि मिस्साचे दान आटले. वीजबिल आणि कर्मचाऱ्यांचे पगार मात्र चालू होते. सणाच्या वर्गणीवर विसंबलेल्या लहान धर्मग्रामांना ते जड गेले.

दारे उघडल्यावर

दारे उघडली तेव्हा ख्रिस्तशरीर हातातच दिले गेले, पवित्र पाण्याची भांडी कोरडी राहिली, बाकांवर अंतराच्या खुणा आल्या. वृद्ध आणि आजारी यांची सूट कायम होती. प्रक्षेपणाने मोठी सेवा केली, पण ते प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही, असे रोमने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात स्पष्ट केले होते.

मला वाटते, या अनुभवातून प्रत्येक धर्मग्रामाने तीन गोष्टी कायम ठेवायला हव्यात. एकट्या राहणाऱ्या माणसांची अद्ययावत यादी आणि प्रत्येकासाठी नेमलेला एक शेजारी. घरी उपासना चालवू शकतील असे प्रत्येक वाडीतले दोन-तीन प्रशिक्षित स्त्रीपुरुष. आणि आपत्काळात कोणता संस्कार कोणी, कसा द्यायचा हे सांगणारे एक पान प्रत्येक घरात. पूर, वादळ किंवा नवी साथ यांपैकी काहीही आले, तरी धर्मगुरू एकाच वेळी सगळीकडे पोहोचू शकणार नाही. शेजारी मात्र पोहोचू शकतो, आणि त्याला तयार करण्याचे काम दारे उघडी असतानाच करायचे आहे.