पाते तिकडचे, मूठ इकडची

‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग.’ तलवारीच्या पात्याच्या पाठीवर, मुठीच्या अगदी जवळ, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत एवढाच मजकूर आहे. नाव नागपूरकर भोसल्यांचे, किताब साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी दिलेला, आणि शेवटी हत्याराची जात. २०२५च्या एप्रिलमध्ये ही तलवार लंडनच्या सदबीज लिलावगृहात विक्रीला आली. सरकारला थेट बोली लावता येत नाही म्हणून मध्यस्थ उभा करून महाराष्ट्र शासनाने ती घेतली. वाहतूक, विमा वगैरे धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले, आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत उतरली. ‘मायभूमीत परतली’ असे मथळे झाले. मुठीपुरते ते खरेच आहे. पाते मात्र युरोपात घडलेले. त्याच्यापुरते बोलायचे तर युरोपातून महाराष्ट्रात येण्याची त्याची ही दुसरी खेप.

यवतमाळ जिल्ह्यात बसून या तलवारीविषयी लिहायला एक कारण आहे. नागपूर ही भोसल्यांची राजधानी नंतर झाली, त्याआधी त्यांचे ठाणे भाम येथे होते. आज भाम हे यवतमाळ जिल्ह्यातले लहानसे खेडे आहे. जुन्या गॅझेटियरांत तिथल्या नदीवरच्या पठारावरील दगडी वाड्यांच्या अवशेषांची नोंद सापडते, आणि एके काळी तिथे नुसत्या बैराग्यांची पाच हजार घरे होती ही लोकवार्ताही. परसोजींचे पुत्र कान्होजी भोसले यांनी इथून वऱ्हाडचा कारभार पाहिला. रघुजी त्यांचे पुतणे. काही काळ ते काकांच्या पदरी राहिले, मग दोघांचे बिनसले. कान्होजी साताऱ्याला जुमानेनासे झाले तेव्हा शाहू महाराजांनी रघुजींनाच त्यांच्यावर धाडले. भाम पडले, कान्होजी निसटले आणि वणीजवळच्या मंदर गावी गाठले गेले. १७३०च्या सुमाराची ही गोष्ट. कान्होजींचे उरलेले आयुष्य साताऱ्यात कैदेत गेले आणि सेनासाहेब सुभा हा किताब रघुजींकडे आला. पात्यावर सोन्यात जे दोन शब्द चकाकतात त्यांचा निकाल असा आपल्या जिल्ह्यात लागला. पुढे याच रघुजींच्या फौजा कर्नाटकात उतरल्या, १७४१पासून दहा वर्षे बंगाल्यावर चालून गेल्या आणि १७५१च्या तहात ओडिशा आणि बारा लाखांची चौथाई घेऊन आल्या.

आता तलवारीकडे. ती एकधारी, किंचित बाकदार आहे. मूठ मुल्हेरी घाटाची, लोखंडावर सोन्याची कोफ्तगारी, म्हणजे तार ठोकून बसवलेली नक्षी, केलेली. मराठ्यांची हत्यारे सहसा साधी, कामापुरती असतात. नाव आणि नक्षी दोन्ही असलेली फार थोडी मिळतात. त्यामुळे संग्राहकांच्या दृष्टीने ही चीज दुर्मीळ. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे परदेशी पाते आहे हे झाकून न ठेवता, ‘फिरंग’ म्हणजे युरोपी पात्याची तलवार या शब्दाने मालकाच्या नावाशेजारी ते मिरवलेले आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत जर्मनीतल्या झोलिंगन, स्पेनमधल्या तोलेदो आणि उत्तर इटलीतल्या गावांची पाती पोर्तुगीज, डच, इंग्रज जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागत. पुष्कळदा नुसते पातेच यायचे, मूठ इथे बसायची. जर्मन पात्याला ‘अलेमानी’ असे वेगळे नावही होते. पट्ट्यालाही असली लांब, सरळ, लवचीक पाती आवडीने बसवत. म्हणजे दांडपट्ट्याची हातमोज्यासारखी खोळ सह्याद्रीतली आणि तिच्यातून सळसळणारे पाते ऱ्हाइनच्या खोऱ्यातले, अशी जोडी मुळीच नवलाची नव्हती. ज्यांना यात कमीपणा वाटतो त्यांनी तोफा आणि दुर्बिणींचाही हिशेब करून पाहावा.

युरोपी पात्यांत असे काय होते, हे काचेपलीकडून बघून कळत नाही. संग्रहालयातली अस्सल तलवार कोणी हातात देत नाही. इथे एक वेगळीच जमात कामाला येते: जुन्या युरोपी तलवारींच्या प्रतिकृती जमवणारे आणि त्या एकमेकींशी ताडून पाहणारे हौशी लोक. जगभर हा छंद मोठा आहे. वरवर तो खेळण्यांचा वाटतो, पण त्यातल्या जाणत्या माणसाची नजर सराफासारखी असते. तो आधी वजन विचारतो, मग तोल कुठे आहे ते, आणि सर्वांत शेवटी दिसते कशी ते.

या मंडळींचे मूळ गुरू म्हणजे इंग्लंडचे एवर्ट ओकशॉट (१९१६ ते २००२). मध्ययुगीन युरोपी तलवारींचे त्यांनी वर्ग पाडले. पूर्वी अशा वर्गवाऱ्या मुठीच्या आकारावरून होत. ओकशॉट यांनी पाते मध्यभागी आणले: लांबी किती, टोकाकडे निमुळते होते की नाही, मधली पन्हळ कुठपर्यंत जाते, छेद चपटा की पत्त्यांतल्या चौकटीसारखा. आधीच्या अभ्यासकांनी व्हायकिंग काळाचे सात वर्ग मोजले होते, त्यांना यांनी आठवा आणि नववा असे दोन जोडले, म्हणून यांची स्वतःची मोजणी दहापासून सुरू होते आणि बाविसापर्यंत जाते. दहावा वर्ग रुंद, लांब पन्हळीचा, तोडायला. पंधरावा टोकदार, कडक, पन्हळ नसलेला. अंगभर पोलादी चिलखत आल्यावर त्याच्या फटींत खुपसायला. चिलखत बदलले तसे पाते बदलत गेले, हे या मोजणीतून सरळ दिसते.

प्रतिकृती हातात घेणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो वजनाचा. सिनेमे पाहून आपला समज असा की सरदाराची तलवार दहा-बारा किलोंची असणार. मध्ययुगीन एकहाती युरोपी तलवार साधारण एक ते दीड किलोची असे. दोन्ही हातांनी धरायची लांब तलवारही बहुधा दोन किलोंच्या आतच. आपल्याकडेही पोवाड्याच्या आवेशात तलवारी मणामणाच्या होतात. तशा असत्या तर पहिल्या वारानंतर दुसरा वार करायला हात उचलला नसता.

दुसरी परीक्षा जाडीची. चांगले पाते मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे जाता जाता दोन-तीनावर येते. समोरून पाहताना हा उतार दिसत नाही, पाठीवरून पाहावा लागतो. त्याच्यामुळे टोकाचे वजन घटते, तलवार हातात वळते आणि वार मारल्यावर थांबवता येते. स्वस्त प्रतिकृतीत हाच उतार गायब असतो, कारण सारख्या जाडीच्या पत्र्यातून आकार कापून काढणे सोपे. दोन प्रतिकृतींचे फोटो तंतोतंत सारखे असतील, लांबी-रुंदी जुळेल, वजनही शेदीडशे ग्रॅमच्या फरकाने तेच भरेल. हातात घेतल्यावर एक तलवार असते आणि दुसरी लोखंडी पट्टी. आपल्याकडे सत्कारात शाल-श्रीफळासोबत हातात देतात त्या तलवारी या दुसऱ्या गोत्रातल्या. स्टेनलेस स्टील, चकचकीत पॉलिश, मुठीवर वाघाचे तोंड. भिंतीवर टांगायला हरकत नाही. पण तिलाच महाराजांच्या तलवारीची ‘हुबेहूब प्रतिकृती’ म्हणून विकतात, त्याला मात्र हरकत घ्यावी.

तिसरी गोष्ट मुठीच्या आतली, आणि रघुजींच्या तलवारीसारख्या तलवारी समजून घ्यायला हीच सर्वांत कामाची. युरोपी तलवारीत पात्याचे शेपूट आडव्या दांडीतून, लाकडी मुठीतून आणि शेवटच्या जड लट्टूतून आरपार जाते. पलीकडे निघालेले टोक तापवून ठोकून बसवतात. तो लट्टू शोभेचा नसतो, पात्याच्या वजनाला मागून उत्तर देतो. आपल्याकडची रीत निराळी. मूठ पोकळ, लोखंडाची. पात्याचे आखूड शेपूट त्यात घालून वितळलेली लाख किंवा राळ ओततात; थंड झाली की ती दगडासारखी धरते. पाते बदलायचे असेल तर मूठ तापवायची, लाख सुटते. परदेशातून नुसती पाती आणून आपल्या मुठीत बसवण्याचा व्यवहार चालला त्याचे एक साधे कारण हे. लांब, लवचीक पात्याला सांध्यापाशी ताण बसतो, म्हणून मुठीपासून पात्यावर उतरणाऱ्या आधारपट्ट्या देत आणि रिव्हेट मारत. मुठीच्या मागच्या टोकाला बोटभर लांबीचा दांडा काढत. जोराचा वार करताना दुसरा हात तिथे येई.

युरोपी माणसाने ज्या पात्यामागे जड लट्टू लावला असता, त्याच्यामागे आपल्या कारागिराने सगळी मूठ पंजासारखी मिटवणारी परज आणि हा दांडा लावला. तोल बदलला, धरण्याची पद्धत बदलली, वार मनगटाऐवजी खांद्यातून येऊ लागला. म्हणून फिरंगेला युरोपी तलवार म्हणणे चुकीचे ठरेल आणि अस्सल देशी म्हणणेही.

परक्या पात्यावर आपले नाव घालण्याची चाल जुनी आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागारात चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या युरोपी तलवारी जमा झाल्या होत्या, आणि त्यांच्या पात्यांवर ममलूक अधिकाऱ्यांनी अरबी लेख कोरले. सायप्रसचा राजा पहिला पीटर १३६५मध्ये अलेक्झांड्रियावर चालून गेला होता. सायप्रसशी पुढे आलेल्या संबंधांतून, लुटीतून आणि नजराण्यांतून ही हत्यारे तिथे गेली असे अभ्यासक मानतात. त्यातल्या काही आज टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयात आहेत. या लेखांमुळे त्या तलवारींचा काळ नेमका ठरवता येतो, म्हणून ओकशॉटपंथीयांना त्या फार प्रिय, आणि त्यांच्या प्रतिकृती आजही घडतात. रघुजींच्या पात्यावरचा लेख त्याच पंगतीतला. उलट कारखान्याच्या खुणांवर मात्र विसंबता येत नाही. पासाऊच्या लोहारांचा धावता लांडगा झोलिंगनने उचलला, आंद्रेआ फेरारा हे इटालियन नाव कोणीही छापू लागले, आणि इथल्या लोहारांनीही फिरंगी शिक्के नक्कल करून मारले. बनावट ब्रँड काही आजचा नाही.

आता चक्र कसे उलटे फिरले ते पाहा. युरोपी तलवारींच्या प्रतिकृतींचे जगातले एक मोठे केंद्र आज भारतात आहे. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३मध्ये सुरू झाली ती गुरखा सैनिकांच्या खुकऱ्यांवर. पुढे तिने सरदारी तलवारी, व्हायकिंग तलवारी, सैन्याच्या समारंभी तलवारी घडवून परदेशी पाठवल्या आणि अमेरिकेतल्या म्युझियम रेप्लिकाज या विक्रीसंस्थेचीही मालकी मिळवली. इंग्लंडच्या विल्किन्सन सोर्डने २००५मध्ये तलवारी बनवणे थांबवले. ब्रिटिश लष्कराला समारंभी तलवारी पुरवणाऱ्यांत आता हे देहरादूनही आहे. मेरठची दीपिका ही कंपनी रोमन शिरस्त्राणे आणि चिलखते बनवते. जर्मनीत किंवा अमेरिकेत एखादा हौशी माणूस तेराव्या शतकातला सरदार होऊन मैदानात उतरतो, तेव्हा त्याच्या कमरेचे पाते उत्तराखंडातून आलेले असण्याची शक्यता चांगलीच आहे. देहरादूनच्या मालाबद्दल जाणते कुरकुरतात. पाते जरा जास्त लवचीक, उतार कमी, पण किमतीच्या मानाने ठीक, असा त्यांचा शेरा असतो. ही कुरकुर आपल्या पूर्वजांनी झोलिंगनच्या मालाबद्दल केली असेल का, असा चावट प्रश्न मनात येतो.

युरोपात आणखी एका कारणाने प्रतिकृती लागते. तिथली मध्ययुगीन तलवारबाजी गुरूकडून शिष्याकडे जाता जाता तुटली. उरल्या त्या पोथ्या. त्यातली सर्वांत जुनी, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. तिच्या चित्रांत पुरोहित आपल्या शिष्याला तलवार आणि लहान ढाल शिकवतो. चित्रावरून डाव जिवंत करायचा तर वजनाने, तोलाने बरोबर असलेली तलवारच हवी, नाहीतर डावच चुकीचा बसतो. आपल्याकडे उलटे घडले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. कोल्हापुरापासून विदर्भापर्यंत आखाड्यांत पट्टा आजही फिरतो. हात शिल्लक राहिला, हत्यार मात्र पातळ झाले. आखाड्यातला आजचा पट्टा बहुधा झळाळणारी पत्र्याची पट्टी असते, फिरवायला हलकी, आवाजाला छान. जुन्या पात्याच्या वजनाने तेच हात करायला घेतले तर निम्म्या फिरक्या आपोआप गळून पडतील, आणि कोणते हात लढाईचे, कोणते जत्रेतले, हे कोणाला न विचारता कळेल.

यासाठी रघुजींच्या फिरंगेची मापे घेऊन एक प्रामाणिक प्रतिकृती व्हायला हवी. दर दोन इंचांवर पाठीची जाडी, तोलाची जागा, मुठीचे वेगळे वजन, एवढी नोंद हाताशी असली की काम अवघड नाही. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद विदर्भातल्या कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळते. ते पाणी द्यायला उत्तम, आणि जगातले बरेच लोहार प्रतिकृतींना त्याच जातीचे पोलाद वापरतात. घासून पाठीचा उतार काढणे हे वेळखाऊ, घामाचे काम. मूठ पोकळ करून लाखेनेच बसवावी, वेल्डिंग करू नये. वेल्डच्या उष्णतेने पात्याचे पाणी उतरते आणि नेमके सांध्यापाशी ते मोडते. सोन्याची कोफ्तगारी नसली तरी चालेल.

धार मात्र लावू नये. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्र नियमांच्या यादीत बसते. विळा-कोयता शेतीचा म्हणून सुटतो, तलवार सुटत नाही. बोथट असली तरी ती घेऊन गावभर फिरणाऱ्याला पोलीस थांबवणारच. आखाड्याच्या नावावर, वस्तादांच्या ताब्यात आणि कुलपात ठेवावी.