चौकोनांचा कारभार
सोलापुरातील चादरीचा नक्षीकार चौकडीच्या कागदावर मोर काढू लागतो तेव्हा तो वस्तुतः चित्र काढीत नसतो, मागाला हुकूम लिहीत असतो. कारण त्या कागदावरची एकेक आडवी ओळ पुढे पुठ्ठ्याच्या एकेका कार्डावर उतरते, आणि कार्डात जेथे छिद्र असेल तेथली मागावरच्या जॅकार्ड यंत्राची सुई आत शिरून हुकाबरोबर ताण्याचा धागा वर उचलला जातो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीवर ज्याला एखादी रेघ काढावयाची असे, त्याची अवस्था या नक्षीकाराहून फारशी निराळी नव्हती.

त्या पीसीचा कारभार पाहणारी एमएस-डॉस ही व्यवस्था कामात चोख, परंतु चित्रकलेविषयी सर्वस्वी उदासीन होती. फायलींचे दप्तर सांभाळावे, कळफलकावरचे अक्षर टिपावे आणि प्रोग्राम स्मृतीत आणून यंत्र त्याच्या स्वाधीन करावे, एवढीच तिची हद्द. वर्तुळासाठी तिच्या दप्तरी एकही कलम नव्हते. यंत्रातच कोरलेल्या बायोस या प्रोग्राममध्ये एक ठिपका उमटविण्याची सोय होती खरी, पण दर ठिपक्यामागे तिच्याकडे अर्ज करीत बसल्यास हलत्या चित्राचा नाद सोडावा लागे. तेव्हा जाणकार थेट पडद्याच्या स्मृतीतच लिहीत.

त्या स्मृतीची रचना मात्र मोठी तऱ्हेवाईक! सीजीए कार्डाच्या ३२० बाय २०० ठिपक्यांच्या पडद्यावर एका वेळी चारच रंग मिळत, म्हणजे ठिपक्यास दोन बिट, बाइटात चार ठिपके आणि ओळीस ८० बाइट, येथवर हिशेब सरळ. परंतु पडद्याचा कारभार पाहणाऱ्या ६८४५ या चिपला २०० ओळी मोजण्याची ऐपतच नसल्यामुळे दोन-दोन रेघांची एक ओळ मानून शंभरांत भागविण्यात आले, आणि त्यापायी सम रेघा स्मृतीच्या आरंभापासून, तर विषम रेघा ८१९२ बाइटांपलीकडे जाऊन बसल्या. उभी रेघ ओढणाऱ्यास दर पावलागणिक दोन्हींकडे येरझारा घालाव्या लागत. शिवाय एका ठिपक्याचा रंग बदलताना त्याच बाइटातल्या उरलेल्या तिघांना धक्का लागू नये म्हणून बाइट वाचावा, त्यातले दोन बिट पुसावे, नवे बसवावे व मग परत लिहावा, असा सोपस्कार होता. १९८७ च्या व्हीजीएने एका ठिपक्यास एक बाइट व २५६ रंग देऊन ही यातायात बरीच संपविली.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे सारे भेटले ते बहुधा टर्बो सी या प्रोग्रामलेखनाच्या साधनातून, जेथे रेघा-वर्तुळांच्या तयार आज्ञा वापरण्यापूर्वी ‘इनिटग्राफ’ या आज्ञेला बीजीआय या चित्रफायलींचा पत्ता द्यावा लागे आणि त्या पत्त्यातली तिरपी रेघ दुहेरी न लिहिल्यास वर्तुळाऐवजी चूक झाल्याचा संदेश पदरी पडे. सोय उत्तम होती. तथापि जो केवळ तिच्यावरच विसंबला त्याला यंत्र कळले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवनागरीची अडचण याहून मूलगामी होती. डॉसचा अक्षरपडदा ठरीव आकाराच्या चौकोनांचा, आणि आपली वेलांटी, रफार व जोडाक्षरे तर चौकोनाची शीव जुमानीत नाहीत. म्हणून कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड पीसीच्या पोटात बसवावे लागले, तेव्हा कुठे इंग्रजीसाठी लिहिलेले डीबेससारखे माहितीसाठ्याचे प्रोग्राम मराठी नावे दाखवू लागले.